रोजच्या दिवसाचे छायाचित्र



वर्तमानपत्र उघडताच आपली दृष्टी प्रथम मजकुराकडे जात नाही, चित्राकडे जाते. अग्रलेखास सवड लागते, बातमीस थोडे लक्ष लागते. चित्र मात्र परवानगी न विचारता मनात शिरते आणि बातमी विसरल्यानंतरही तेथे राहते. यामुळे एखाद्या प्रदेशाविषयी दूरच्या वाचकांचे जे मत बनते, ते त्याविषयी छापलेल्या शब्दांपेक्षा छापलेल्या चित्रांनीच अधिक बनते. लोकांच्या नित्याच्या जीवनाची, रानातील प्राण्यांची आणि भूमीची जी वृत्तचित्रे निघतात, त्यांचे काम काय व त्यांची जबाबदारी काय, याचा विचार आज करावयाचा आहे. सर्व देशाविषयी एकदम बोलू गेल्यास बोलणे हवेत राहील. यास्तव यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस व त्याचा आसमंत मी डोळ्यांसमोर ठेवणार आहे.

दिग्रस हे राजधानीचे शहर नव्हे. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, जवळच अरुणावती नदीवरचे धरण, दक्षिणेस पुसद, भोवताली बंजारा समाजाचे तांडे, आणि त्या समाजाचे पूज्य क्षेत्र पोहरादेवी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात. अशा गावी मोठ्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार मुद्दाम येतो तो बहुधा एकाच कारणाने, म्हणजे काही अरिष्ट घडल्यावर. पाऊस रुसला, पूर आला, शेतकऱ्याने जीव दिला, वाघाने माणूस मारला, की छायाचित्रकार येतो, चित्र घेतो आणि निघून जातो. पुढील अरिष्टापर्यंत ते गाव वाचकांच्या लेखी नाहीसे होते. या रीतीने कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येक चित्र खरेच असते. परंतु अनेक खऱ्या चित्रांची मिळून एक खोटी समजूत तयार होऊ शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

छायाचित्रकला आपल्याकडे नवी नाही. मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ सालीच स्थापन झाले होते आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकी एक होते. पण त्या वेळी छायाचित्र वर्तमानपत्रात जसेच्या तसे छापता येत नसे. त्यावरून लाकडावर नक्षी कोरून ठसा काढावा लागे. बारीक-मोठ्या ठिपक्यांच्या साहाय्याने उजेड-सावली छापण्याची युक्ती साधली आणि १८८० साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात असे छायाचित्र प्रसिद्ध झाले. तेथून पुढे छायाचित्र घराच्या भिंतीवरून उतरून रोजच्या कागदावर आले. आता तर ते प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत येऊन बसले आहे. साधन जितके सुलभ झाले, तितका विवेक अधिक हवा, एवढेच येथे सांगावयाचे.

या विवेकाचा प्रश्न मुळात किती जुना आहे, हे दोन दुष्काळांवरून दिसून येते. १८७६ ते १८७८ या वर्षांतील मद्रास इलाख्यातील दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अस्थिपंजर झालेल्या माणसांना एकत्र बसवून त्यांची चित्रे घेतली. दुष्काळाची भीषणता जगास कळली, हे खरे. पण उपाशी माणसे मांडणीच्या वस्तूंप्रमाणे बसविलेली पाहून आजही मन संकोचते, आणि त्या चित्रांवर टीकाही झाली. पुढे १९४३ साली बंगालचा दुष्काळ पडला. तेव्हा सुनील जाना या तरुणाने गावोगाव फिरून चित्रे घेतली आणि ती साम्यवादी पक्षाच्या साप्ताहिकातून देशभर गेली. त्याही चित्रांत मृत्यू आहे, भूक आहे. मात्र जाना यांनी पुढे याच देशातील कोळी, खाणकामगार, शेतकरी व आदिवासी यांची कामात मग्न असलेली, हसणारी, ताठ उभी असलेली चित्रेही आयुष्यभर घेतली. भुकेचे चित्र घेणाऱ्याने भूक नसलेल्या दिवसाचेही चित्र घेतले, म्हणजे पाहणाऱ्यास कळते की, येथे मेला तो केवळ दुष्काळग्रस्त नव्हता, तो माणूस होता.

कोणी म्हणेल, नित्याच्या दिवसात बातमी ती कोणती? शेतकरी नांगरतो, बाई कापूस वेचते, मुले शाळेत जातात; यात छापावयाजोगे काय आहे? या आक्षेपास यवतमाळ जिल्ह्यानेच एक दुःखद उत्तर दिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना या जिल्ह्यातील शेकडो माणसांस विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यानंतर रुग्णालयातील खाटांची, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मजुरांची चित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. पण पाठीवर पंप, अंगात सदरा असला तर असला, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरलेला मजूर, हे दृश्य काही त्या वर्षी प्रथमच निर्माण झाले नव्हते. ते दर पावसाळ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास दिसत होते. नित्याचे होते म्हणूनच ते कोणास बातमी वाटले नाही. ते चित्र दहा वर्षे आधी, नीट तपशिलासह पहिल्या पानावर आले असते आणि त्याखाली ‘याच्या तोंडाला फडके का नाही?’ एवढाच प्रश्न छापला असता, तर सगळेच प्राण वाचले असते असे मी म्हणणार नाही; पण विचारणा लवकर सुरू झाली असती. अरिष्टाचे चित्र झालेली हानी दाखविते. नित्याचे चित्र होऊ घातलेली हानी दाखवू शकते. रोजच्या दिवसाचे छायाचित्र ही करमणुकीची बाब नव्हे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

हे काम ज्यांनी ओळखले अशी माणसे आपल्यात आहेत. होमाई व्यारावाला यांस देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण जाणतो. दिल्लीतील सत्तांतराची त्यांची चित्रे विख्यात आहेत. परंतु त्यांचे प्रारंभीचे काम मुंबईतील साध्या जीवनाचे होते, आणि त्या काळची मुंबई कशी चालत-बोलत होती हे पाहावयास आज त्याच चित्रांकडे जावे लागते. आमच्या वऱ्हाडातील अकोल्यास जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे चित्रित केले. शहराची घाण उपसणारा माणूस शहरास दिसतच नव्हता, तो त्यांनी दाखविला. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत श्रमणाऱ्या खेड्यातील स्त्रियांची चित्रे घेऊन त्यांचे प्रदर्शन गावोगाव नेले, आणि २०१४ च्या डिसेंबरात ग्रामीण भारताचा एक चित्र-लेखसंग्रह सुरू केला. त्यातील मजकूर मराठीतही वाचावयास मिळतो. शेतीचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नांगर धरलेला पुरुष येतो. पण दिवाळीच्या सुमारास दिग्रसच्या कोणत्याही शिवारात जा. कमरेला ओटी बांधून, वाकून, काट्याकुसळांनी बोटे ओरबाडून घेत किलोच्या मजुरीवर कापूस वेचणाऱ्या बहुतेक स्त्रियाच दिसतील. जे काम बाई करते आणि चित्र मात्र पुरुषाचे निघते, त्या कामाची मजुरीही मग पुरुषाच्याच हिशेबात मोजली जाते.

आता रानाकडे वळू. वन्य प्राण्याचे छायाचित्र ही एके काळी बंदुकीच्या जोडीची गोष्ट होती. मेलेल्या वाघाच्या पाठीवर पाय ठेवून उभा असलेला शिकारी, हाच त्या चित्रांचा ठराविक विषय असे. उत्तर हिंदुस्थानातील जंगल खात्याचे अधिकारी चॅम्पियन यांनी रात्रीच्या वाटेवर तार बांधून, ती वाघाच्या पायाने ओढली जाताच प्रकाश पडून चित्र निघावे अशी योजना केली. आणि १९२५ साली जिवंत वाघाची त्यांची चित्रे लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. आज त्याच कल्पनेवर व्याघ्रगणना चालते. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात, म्हणून चित्रावरून तो ओळखता येतो. २०१८ सालच्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे स्वयंचलित कॅमेरे लावले होते आणि त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. म्हणजे उरलेल्या कोट्यवधी चित्रांत हरणे, रानडुकरे, गाई-गुरे, वाटसरू आणि वाऱ्याने हललेले गवतही आले. रानाचा खरा रोजचा दिवस तोच होय!

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्याने वाघाचे दुसरेही चित्र पाहिले. तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानलेली ‘अवनी’ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. मृत वाघिणीच्या अंगात रुतलेल्या भुलीच्या बाणाचे छायाचित्र सर्वत्र फिरले आणि त्या बाणाविषयी मोठा वाद झाला. वाद होणे योग्यच होते. छायाचित्राने प्रश्न उभा केला, हे त्याचे कर्तव्यच होय. परंतु शहरातील किती वाचकांस वाघिणीचे नाव आठवते आणि त्या तेरांपैकी एकाही माणसाचे आठवत नाही, याचाही विचार व्हावा. संध्याकाळनंतर गुरे आणावयास कोण जावे, राखणीस एकट्याने बसावे की नाही, मुलांनी शाळेची कोणती वाट धरावी, या चिंतेत ती गावे दोन वर्षे जगली. तो काळ चित्रांत फारसा आलाच नाही. परिणाम असा की, वाघाची बाजू घेणारे आणि माणसाची बाजू घेणारे असे दोन तट पडले. आणि दोघांसही एकाच रानात राहावयाचे आहे, ही गोष्ट बाजूस राहिली.

ती गोष्ट पुढील वर्षी एका वाघानेच आपल्या पायांनी सिद्ध केली. टिपेश्वर अभयारण्य आकाराने लहान, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे जन्मलेल्या एका तरुण वाघास २०१९ साली गळपट्टा बांधला होता. तो तेथून निघाला आणि तेलंगणातून व आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून शेते, नाले, कालवे, रस्ते ओलांडीत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांत तो सुमारे १,३०० किलोमीटर चालला आणि पुढेही चालतच राहिला. त्याची वाट बहुतांशी तुमच्या-आमच्या कपाशीतून गेली. रान आणि शिवार यांच्यामध्ये आपण नकाशावर जी रेघ ओढतो, ती वाघास ठाऊक नाही. वन्यजीवांचे चित्र म्हणजे केवळ वाघाचा जबडा नव्हे. ही सामायिक वाट दाखविणारे चित्र अधिक खरे होय. येथे एक पथ्यही सांगितले पाहिजे. घरट्याचे, गुहेचे, पाणवठ्याचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करू नये. कारण पाहणारे सगळेच प्रेमाने पाहतात असे नाही.

राहता राहिली भूमी. भूमीचे चित्र म्हणजे सूर्यास्त, अशी एक समजूत झाली आहे. फाल्गुनात पानगळ झालेल्या सागाच्या मध्ये पळस पेटतो तेव्हा तो सुंदर दिसतो, यात संशय नाही. तथापि भूमीचे छायाचित्र हा पुरावाही असतो, आणि त्यासाठी एक साधा नियम पुरे आहे. जागा तीच, दिशा तीच, महिना तोच, आणि दर वर्षी एक चित्र. अरुणावतीच्या जलाशयाचा काठ मार्चअखेर कोठवर उतरतो, गायरान किती उरले, टेकडीवरची झाडी दाटली की विरळ झाली, हे कोणाच्याही आठवणीपेक्षा अशी दहा चित्रे अधिक बिनचूक सांगतील. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रेल्वेमार्गाच्या आखणीत दिग्रस आहे. त्यापैकी वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा भाग २०२४ साली सुरू झाला. रेल्वे आली की गावाची चाल बदलते. बदलण्यापूर्वीचे गाव कोणी चित्रात धरून ठेवले नाही, तर मागाहून ते कोठून आणणार?

आता कर्तव्याचे चार शब्द. छायाचित्रकाराने प्रथम नाव विचारावे. ‘एक शेतकरी’, ‘एक आदिवासी स्त्री’ असे छापणे म्हणजे त्या माणसाचा चेहरा घेऊन त्याचे नाव परत न करणे होय. शोकाच्या घरात पायरीवर थांबून अनुमती घ्यावी आणि ती नाकारली तर मागे फिरावे. दृश्य जुळविण्यासाठी माणसास पुन्हा रडावयास लावू नये. संपादकाने गेल्या वर्षीचे चित्र यंदाच्या बातमीस चिकटवू नये. आज तर यंत्र न घडलेल्या गोष्टीचेही हुबेहूब चित्र रचून देते. अशा काळात स्थळ, दिवस आणि घेणाऱ्याचे नाव यांवाचून आलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नये, हे वाचकाचे कर्तव्य झाले आहे.

आणि वाचकाचे कर्तव्य एवढ्यावर संपत नाही. आपण ज्या चित्राशी थांबतो, तेच उद्या पुन्हा छापले जाते. आपण केवळ आक्रोशाशी थांबलो, तर आपणांस आक्रोशच मिळत राहील. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग देणारा म्हातारा, जिनिंगच्या फाटकापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लावून चहा पिणारे शेतकरी, तांड्यावरून दप्तर घेऊन निघालेल्या मुली, ही दृश्ये ज्या पानावर नित्य दिसतील, त्या पानावर एखाद्या दिवशी अरिष्टाचे चित्र आले तर ते वाचकाच्या काळजास अधिक भिडेल. कारण त्या वेळी ते कोणा अनोळखी प्रदेशाचे दुःख राहणार नाही. ज्यांचे सुखाचे दिवसही आपण पाहिले आहेत, त्या ओळखीच्या माणसांचे ते दुःख असेल.