डोक्याचा मार आणि स्वभावांतील बदल

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डांत भुसार मालाच्या गाळ्यांपुढें हमालांच्या पाठीवरून दिवसभर पोतीं हलत असतात. थप्पीवरील पन्नास किलोंचें पोतें निसटून एखाद्याच्या डोक्यावर आदळलें, तर वरची जखम टांके घातल्यावर भरून येते, परंतु कांहीं वेळां महिन्याभरानें घरचीं माणसें म्हणूं लागतात, "हा पूर्वीचा राहिला नाहीं. उगाच चिडतो, उगाच घाबरतो." शेजारीपाजारी दारूस किंवा बाहेरच्या बाधेस दोष देतात. कारण मात्र कवटीच्या आंत असूं शकतें.

मेंदू मऊ असतो. आघातानें तो कवटींत हेलकावतो, आणि त्याचे कपाळामागील व कानशिलामागील भाग खडबडीत हाडावर घासतात. कानशिलाच्या आंत खोलवर बदामाच्या आकाराचें एक केंद्र आहे. त्यास अ‍ॅमिग्डाला म्हणतात. भयाची व क्रोधाची पहिली उसळी येण्यांत त्याचा मोठा वाटा असतो, आणि कपाळामागील भाग तिला आवर घालतो.

हेलकाव्यानें चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात, त्यांतील वाहतूक अडते, व कांहीं तंतू तासांनीं किंवा दिवसांनीं तुटतात. त्याच वेळीं ग्लुटामेट हें उत्तेजक द्रव्य बेसुमार सुटतें, पेशींत कॅल्शियम शिरतें, आणि कित्येक पेशी मरतात. उंदरांवरील प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, सौम्य मारानंतरहि ह्या केंद्रांतील, इतरांस शांत ठेवणाऱ्या कांहीं पेशी नाहींशा होतात. मग उरलेल्या पेशी क्षुल्लक कारणानेंहि खवळतात व प्राणी अधिक भित्रा होतो. घोडा बुजलेला आणि लगाम सैल, अशी ही अवस्था होय.

अमेरिकेंत १८४८ सालीं फिनीअस गेज ह्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालांतून शिरलेली लोखंडी पहार डोक्याच्या माथ्यांतून बाहेर पडली. तो वांचला, पण मित्रांस तो पहिला गेज वाटेना, असें डॉ. हार्लो यांनीं १८६८ सालीं नोंदविलें. तथापि तोच गेज पुढें चिली देशांत कित्येक वर्षें घोडागाडी हांकीत होता. बिघडलेलें कांहीं अंशीं सांवरतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

डॉ. बाबा आढाव यांनीं १९५५ सालीं पुण्यांत हमाल पंचायत स्थापिली, आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. पाठीवरच्या ओझ्याची अशी दखल घेतली गेली. डोक्यावरील माराचीहि तशीच घेतली जावी. शुद्ध हरपली, वांती झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. पुढें स्वभाव पालटला, तर जुना मार वैद्यास आवर्जून सांगावा. रागावलेल्या माणसास बोल लावण्यापूर्वीं त्याच्या डोक्यास कधीं मार बसला होता काय, हें घरच्यांनीं एकवार आठवून पाहावें.