न उडालेल्या विमानाची चित्रे

घरातल्या मेजापुढे बसून विमान चालविण्याचा एक छंद आता जगभर रूढ झाला आहे. संगणकाच्या पडद्यावर धावपट्टी दिसते, हाताशी सुकाणूची दांडी असते, आणि बडोद्यातील किंवा भोपाळमधील एखाद्या खोलीत बसलेला मनुष्य रात्रीच्या जेवणानंतर हिमालयाच्या शिखरांवरून फेरफटका मारून येतो. या यंत्रणेला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. उड्डाण चालू असताना एखादे दृश्य मनात भरले की तो क्षण थांबवून पडद्यावरचे चित्र टिपून ठेवता येते. त्याला स्क्रीनशॉट हे नाव पडले आहे. यात्रेहून परतलेल्या माणसाने छायाचित्रे दाखवावीत तशी ही चित्रे छंदिष्ट मंडळी एकमेकांना दाखवितात आणि म्हणतात, "कसे वाटले ते सांगा, चुका असतील तर त्याही सांगा."

अडचण येथेच सुरू होते. बहुतेक वेळा उत्तर एका शब्दाचे येते: "सुंदर!" क्वचित ते उलट टोकाचे असते: "यात पाहण्यासारखे काय आहे?" पहिल्या उत्तराने चित्र काढणारा सुखावतो, दुसऱ्याने खट्टू होतो, परंतु पुढचे चित्र अधिक चांगले कसे काढावे, हे त्याला दोहोंतूनही उमगत नाही. वास्तविक त्याला सोबतीची गरज असते. उड्डाण त्याने एकट्याने केलेले असते. शेजारी सहवैमानिक नसतो, मागे प्रवासी नसतात. ते एक चित्र हीच त्या प्रवासाची साक्ष. तिच्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही, तर विमान उडवून आल्याचा अर्धा आनंद ओसरतो, आणि असे अनुभव वारंवार आले की तो मनुष्य चित्रे दाखवावयाचे सोडून देतो. म्हणून असा अभिप्राय कसा द्यावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

सिम्युलेटरच्या जन्मकथेतच या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन वाद्यांचा कारखाना होता. वाद्यातील भाते आणि हवेच्या झडपा वापरून लिंकने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे, वळणारे एक ठेंगणे विमान तयार केले. आरंभी त्याची गणना जत्रेतल्या करमणुकीत झाली. परंतु १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले, आणि ढगाळ हवेत केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याची सवय नसलेले कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे या यंत्राला जोडून शिक्षकाच्या मेजावर तीन चाकांचे एक लहानसे उपकरण आले. त्याला 'खेकडा' म्हणत. बंद खोक्यात बसलेला विद्यार्थी जसजसे विमान वळवी, तसतसा हा खेकडा नकाशावर शाईची रेघ ओढीत जाई. विद्यार्थी बाहेर आला की शिक्षक ती रेघ त्याच्यापुढे ठेवी. "तू वाईट वैमानिक आहेस" असे म्हणण्याचे त्याला कारणच पडत नसे. रेघ कोठे वाकली, हे दोघांनाही दिसत असे. का वाकली आणि पुढच्या खेपेस काय करावे, एवढेच बोलावयाचे उरे.

त्यानंतर हे यंत्र घराघरांत पोहोचले. ब्रूस आर्टविक यांनी १९७९ मध्ये ॲपल-दोन या संगणकासाठी पहिला सिम्युलेटर विक्रीस आणला, आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्याच कामावर आधारलेली आपली आवृत्ती काढली. त्या काळचे दृश्य म्हणजे काही रेघा आणि मोजके रंग. त्यांच्या सौंदर्याची चर्चा करणे शक्यच नव्हते. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीने मात्र सारे पालटले. फ्रान्समधील आसोबो या संस्थेने ती घडविली. उपग्रहांनी व विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून तिच्यात सबंध पृथ्वी उभी केलेली आहे, आणि प्रत्यक्ष हवामानाच्या नोंदींवरून ढग आणि पाऊसही. आता पडद्यावरचे चित्र आणि कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र यांतील भेद पुष्कळदा चटकन ओळखू येत नाही. साहजिकच छायाचित्राला लावावयाच्या कसोट्या या चित्रांनाही लागू झाल्या.

तरी एक भेद उरतोच. विमानतळाच्या कुंपणाशी उभा असलेला छायाचित्रकार प्रकाशाची वाट पाहतो. मिळेल त्यावर त्याला भागवावे लागते. सिम्युलेटरमध्ये सूर्य हवा तेथे ठेवता येतो, ढग हलविता येतात, विमान अधांतरी थांबविता येते. म्हणजे या चित्रातील बहुतेक गोष्टी कोणी तरी निवडलेल्या असतात, किंवा निवडावयाच्या राहून गेलेल्या असतात. यास्तव अभिप्राय देणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा, की हे चित्र कशासाठी काढले? केवळ विमानाचे देखणे रूप दाखविण्यासाठी, की आपल्या उड्डाणातील एक क्षण जपण्यासाठी, की एखादा ऐतिहासिक प्रसंग पुन्हा उभा करण्यासाठी? हेतू कळल्यावाचून केलेली टीका बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी चित्रावरची असते.

एक उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानातून टपाल घेऊन सकाळी कराची सोडली, आणि अहमदाबादमार्गे दुपारी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. समजा, इंदुरातील एका मराठी घरातल्या तरुणाने हा प्रसंग पडद्यावर उभा करून त्याचे चित्र स्नेह्यांपुढे ठेवले. समुद्रावर मावळता सूर्य, केशरी आकाश, मध्यभागी ते विमान आणि मागे मुंबईच्या उंच इमारतींची रांग. एक जण म्हणेल, "छान!" दुसरा म्हणेल, "सगळेच चुकले आहे." तिसरा, जो खरा उपयोगी पडेल तो, आधी विचारील, "तुला त्या दिवसाचे जुहू दाखवावयाचे आहे, की आजच्या मुंबईवरून उडणारे जुने विमान?" दुसरा हेतू असेल तर चित्रात दोष थोडाच, जुने विमान आणि नवे शहर यांच्या विरोधात एक गोडी आहेच. परंतु पहिला हेतू असेल, तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

तो सांगेल, "विमानाचा तिरकस कल फार छान साधला आहे, वाऱ्याशी झुंजत येणारे हलके विमान असेच दिसेल. पण ते दुपारी पोहोचले होते, संध्याकाळी नव्हे. घड्याळ दोनवर आण. सिम्युलेटरमधील मुंबई आजची आहे, तिला तू बदलू शकणार नाहीस. पण कॅमेरा बदलू शकशील. तो जमिनीच्या बाजूला घेऊन वायव्येकडे रोख, म्हणजे मागे नुसता समुद्र आणि किनारा राहील. ऑक्टोबरातल्या दुपारी सूर्य नैर्ऋत्येस असतो, तेव्हा उजेड विमानाच्या कुशीवर पडेल आणि त्यावरची व्हीटी-एडीएन ही अक्षरेही वाचता येतील." या मोजक्या वाक्यांत स्तुती आहे, दोष आहे, दोषाचे कारण आहे आणि त्यावर इलाजही आहे. तो तरुण त्याच रात्री पुन्हा उड्डाण करील.

त्या तरुणापाशी पस मॉथ नसून त्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ असते, तरी बिघडले नसते. या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी स्वतः तोच मार्ग लेपर्ड मॉथमधूनच आक्रमिला होता. चित्राखाली तसे प्रामाणिकपणे लिहिले म्हणजे पुरे. चित्रावर मागाहून हात फिरविला असल्यास, रंग गडद केले असल्यास किंवा ढग बाहेरून आणून बसविले असल्यास, तेही सांगावे. हात फिरविणे हा अपराध नव्हे. पण पाहणाऱ्याने यंत्राची करामत पाहावी की माणसाची, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

आता ठराविक दोषांकडे वळावयाचे, तर त्यांचे तीन वर्ग पडतात. काही दोष यंत्राचे असतात: पंखांच्या दातेरी कडा, पुसट जमीन, अधांतरी तरंगणारी झाडे. यांबद्दल माणसाला बोल लावू नये. कोणती मांडणी बदलली असता कडा सफाईदार दिसतील, तेवढे सुचवावे, आणि संगणक दुबळा असेल तर तेथेच थांबावे. दुसरे दोष नजरेचे: कलंडलेले क्षितिज, चौकटीबाहेर कापले गेलेले शेपूट, किंवा कॅमेरा अगदी जवळ नेऊन दृश्य रुंद केल्याने फुगलेले विमानाचे नाक. शेवटच्या दोषावर इलाज सोपा आहे: कॅमेरा मागे न्यावा आणि दृश्य जवळ ओढावे. तिसरे दोष विमानविद्येचे असतात. वरच्या आकाशात वेगाने चाललेल्या जेट विमानाची चाके खाली लोंबत असावीत, किंवा समुद्रालगत उडणाऱ्या विमानामागे पांढऱ्या धुराची रेघ उमटलेली असावी, असे होत नसते. ती रेघ सामान्यतः आठ किलोमीटरांहून अधिक उंचीवर, तपमान उणे चाळीस अंशांच्या खाली गेल्यावर उमटते. डाव्या पंखावर तांबडा आणि उजव्यावर हिरवा दिवा असतो. मांडणी साधावी म्हणून चित्र आरशासारखे उलटविले की दिवे चुकतात आणि अक्षरेही उलटी होतात. अशा चुका दाखविताना जाणकाराला विद्वत्तेचे प्रदर्शन करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नवख्याला दहा चुका एकदम सांगितल्या की त्याला एकही आठवत नाही. सर्वांत मोठी तेवढी एक सांगावी, बाकीच्या पुढच्या चित्रापर्यंत राखून ठेवाव्यात. जुन्या हाताला मात्र गुळमुळीत बोललेले आवडत नाही. त्याला सर्व काही सांगावे.

टीका ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. अभिप्राय मागावयाचा आणि प्रत्येक वाक्याला उत्तर द्यावयाचे, ही रीत बरी नव्हे. सुचविलेला बदल एकदा करून पाहावा, दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत, आणि मग पटले नाही तर आपलेच खरे मानावे. तेवढा अधिकार चित्र काढणाऱ्याचाच असतो.

शिकागो शहराच्या सरोवरकाठी मेग्ज फील्ड नावाचा एक लहान विमानतळ होता. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाचा आरंभ तेथूनच होत असे. मार्च २००३ मध्ये त्याची धावपट्टी एका रात्रीत उखडण्यात आली. ज्यांनी पडद्यावर तेथून पहिले उड्डाण केले, त्यांच्यापाशी आज जी काही चित्रे उरली असतील, ती खऱ्या विमानाची नाहीत आणि खऱ्या धावपट्टीचीही नाहीत. तरी त्यांत एका माणसाने एका संध्याकाळी खरोखर लावलेला जीव आहे. अशा चित्राकडे दोन मिनिटे नीट पाहणे आणि रेघ कोठे वाकली ते नेमके सांगणे, हे लिंकच्या मेजामागे बसलेल्या शिक्षकाचेच काम आहे. रेघेवर बोट ठेवावे, माणसावर ठेवू नये; आणि दुसऱ्या दिवशी नवी रेघ पाहावयास पुन्हा यावे.