शुश्रूषा शिकविणारे पुरुष



धर्मग्रामाच्या या महोत्सवदिनी आम्ही आपणांपुढे प्रथम स्वतःची एक चूक कबूल करू इच्छितो. काही वर्षांपूर्वी एक तरुण, रुग्णशुश्रूषेचे शिक्षण घ्यावे काय, असे विचारावयास आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, "बाळा, ते काम बायकांचे, तू दुसरा मार्ग पाहा." त्याने आमचे ऐकले नाही, ही प्रभूची कृपा! आज तो तीच विद्या शिकवीत आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "फादर, शिक्षकांच्या खोलीत मी एकटाच पुरुष. वॉर्डात रोगी 'सिस्टर' म्हणून हाक मारतो. मी वळलो की तो ओशाळतो. घरी आलो की नातलग विचारतात, डॉक्टर का नाही झालास?"

हे ऐकून आम्हांस संत कमिल्लस यांची आठवण झाली. ते 1550 साली इटलीत जन्मले. शिपाई झाले, जुगारात सर्वस्व घालवून बसले. पायाच्या जखमेने त्यांस रोमच्या रुग्णालयात नेले व तेथे रोग्यांचे हाल पाहून त्यांचे मन द्रवले. त्यांच्या संघास 1586 साली पोपमहाराजांची मान्यता मिळाली. आपल्या पुरुष सोबत्यांस त्यांनी कोणता धडा दिला? आई आपल्या एकुलत्या एक आजारी लेकरास जपते, तसे रोग्यास जपावे! आईचे प्रेम हेच माप पुरुषांपुढे ठेवताना तो धिप्पाड शिपाई लाजला नाही. 1930 साली पोप अकरावे पायस यांनी त्यांस व संत योहान दि देव यांस शुश्रूषा करणाऱ्यांचे आश्रयदाते ठरविले.

अमेरिकेत शिकागो शहरी अलेक्सियन बंधूंनी 1898 साली खास पुरुषांसाठी शुश्रूषाविद्यालय काढले. उलट इंग्लंडात 1919 च्या कायद्याने पुरुष परिचारकांची नावे निराळ्या यादीत घातली. तो भेद 1949 साली मिटला. वही एक झाली. परंतु मनातील यादी अजून निराळीच आहे, आणि आमच्या मनातही ती होती.

मातापित्यांनो, आपला मुलगा या मार्गास लागला तर त्यास हसू नका. रोग्याची कूस बदलणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा, हे वेदना विचारीत नाही. कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारे व तसेच करावयास शिकविणारे आपले प्रभू गुरूच होते. ते काम त्या काळी दासाचे मानीत. तरी त्यांचे गुरुपण तिळभरही उणे झाले नाही.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.