चार चौकटींची गोष्ट

(चिंचोळी एमआयडीसी येथील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लहान चित्रकथा या विषयावर आम्ही बोलणार हे कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारले, बँकेत कारकुनी करणाऱ्याचा चित्रांशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, पण त्या 'कले'त चित्र काढावे लागत नाही, हे येथील विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. आमचा संबंध आला तो भिंतीवरच्या एका सूचनेमुळे.

फसवणुकीपासून सावध राहा, अशी ती सूचना. बारा-चौदा ओळींची, आणि भाषा अशी की लिहिणाऱ्यालाही ती दोनदा वाचावी लागली असेल. तिच्याच खाली ग्राहकांची रांग लागते. मागे ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण पासबुक घेऊन काउंटरवर आला. फोनवर कोणी साहेब बोलले, केवायसी संपली म्हणाले, याने मोबाइलवर आलेला आकडा सांगितला आणि महिन्याचा पगार गेला. हा मुलगा दहावी पास होता. ती सूचना तो दर महिन्याला पाहत होता. वाचली मात्र एकदाही नव्हती.

अशा वाचकासाठी चित्रे काढावीत हे मोठ्या लोकांनाही सुचले आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ साली 'राजू अँड द फॉर्टी थीव्ह्ज' नावाची पुस्तिका काढली. अलिबाबाच्या गोष्टीवरून नाव घेतलेले, फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा, आणि प्रत्येकीची छोटी चित्रकथा. ती आम्हांला मनापासून आवडली. पण राजू हा सगळ्या देशाचा राजू आहे. रात्रपाळी सुटल्यावर पुणे रोडला गाडीची वाट पाहत उभा असलेला तो आपला राजू नाही. ती उणीव रिझर्व्ह बँक भरून काढू शकत नाही. ती येथल्याच माणसाने भरायची आहे, आणि त्यासाठी चाळीस गोष्टींची पुस्तिका लागत नाही. चार चौकटी पुरतात.

चार चौकटींत काय मावते हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९९१ च्या नोव्हेंबरपासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' येऊ लागला. घराघरांत लोक अग्रलेखाआधी तो पाहू लागले. तीन-चार चौकटी, एक खोडकर मुलगा, त्याचे आई-पप्पा, मित्रमंडळी. पहिल्या चौकटीत प्रसंग मांडायचा, मधल्या चौकटींत गाडी एका वाटेने न्यायची आणि शेवटच्या चौकटीत रूळ बदलायचा. खरी गंमत मात्र दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीत असते. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत मुलगा गाल चोळतो आहे. मार कोणी काढला? कोणीच नाही. तो वाचकाने आपल्या मनात काढला. अमेरिकेचे चित्रकथाकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथेवर चित्रकथेच्याच रूपात एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ही गोष्ट फार चांगली उलगडून दाखविली आहे. वाचक स्वतः काम करतो, म्हणून ते त्याच्या लक्षात राहते. बँकेच्या सूचनेत वाचकाला काहीच काम नसते.

आता कोणी म्हणेल, आम्हांला चित्र येत नाही. यावर दिल्लीचे व्यंगचित्रकार शरद शर्मा यांनी मार्ग काढला आहे. 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' ही त्यांची संस्था. फिनलंडच्या लैफ पाकालेन यांच्यासोबत त्यांनी २००७ साली या कामावर पुस्तकही लिहिले. त्यांची रीत अगदी गरिबाघरची आहे. ए-फोर आकाराचे दोन कागद घ्यायचे, एकूण चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईने चित्र काढायचे, दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढायच्या आणि जोडून भिंतीवर चिकटवायच्या. रंग नाही, छापखाना नाही. चित्र काढणारा चित्रकार नसतोच. तो शेतकरी असेल, अंगणवाडीताई असेल, शाळकरी मुलगी असेल. आपल्या गावात घडलेली गोष्ट तो काढतो आणि आपल्याच गावात लावतो. भिंतीसमोर थांबलेले लोक काय बोलतात हे उभे राहून ऐकायचे, हाही त्या रीतीचाच भाग. आम्हांला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

रेषा साधी असली म्हणून बोथट नसते. रचिता तनेजा या तरुणीच्या 'सॅनिटरी पॅनल्स'मधली माणसे म्हणजे काड्यांची माणसे. पहिलीतले मूल काढते तशी. पण त्याच चित्रांवरून २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाची नोटीस काढली. काडीच्या माणसाला एवढे वजन असते!

येथे एका नाजूक विषयाकडे वळतो. आपल्या समाजाची चित्रे आजवर बहुतांशी इतरांनी काढली. १९४९ साली 'शंकर्स वीकली'त आलेले व्यंगचित्र आपणांस आठवत असेल. संविधान नावाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात ते होते. २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. खुर्च्या मोडून चित्राला उत्तर देता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. खरे उत्तर दिले ते आंध्रचे व्यंगचित्रकार उन्नमति श्यामसुंदर यांनी. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे त्यांनी शोधून काढली आणि प्रत्येकाखाली खरा इतिहास लिहून २०१९ साली पुस्तक केले. कोणाला बुटके काढले, कोणाला बाईचे कपडे चढवले, कोणाच्या हाती चाबूक दिला, हे ज्याच्या हाती लेखणी तोच ठरवतो, हे त्या पानांवरून कोणालाही कळेल.

दुसरे उत्तर २०११ सालचे, 'भीमायन'. मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांना आलेले पाणी, निवारा आणि प्रवास यांचे अनुभव त्यात चितारले. हे पुस्तक लहान नाही, पण प्रयोग म्हणून त्याचे नाव घ्यावेच लागते. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही म्हणून त्यांनी सरळ चौकटी टाकूनच दिल्या. मवाळ बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याच्या आकाराचा फुगा, आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. ही खूण समजायला अक्षरओळखही लागत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर जातक रंगविणाऱ्यांनीही चौकटी आखल्या नव्हत्या, हे सहलीला गेलेल्यांनी पाहिले असेल.

आपल्या सोलापुराला तर चौकोनांत चित्र बसविणे परके नाही. चादरीचा नक्षीकार आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरतो, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात आणि मग जेकार्डवर मोर उमटतो. ते काम केलेले हात या सभागृहात आहेत. शिवाय आपण मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत भांडणारे लोक. तेव्हा शब्द जितके कमी तितके बरे. सीमाभागातल्या भोज गावी जन्मलेले शि. द. फडणीस शब्दांवाचून महाराष्ट्राला कसे हसवत आले, ते विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे.

काढायचे काय? ठेकेदार बदलला की पीएफचे काय होते ते काढा. हातमोजे न घालता रसायनाचा पिंप उचलणारा काढा. बचत गटाच्या वहीत अंगठा घेणारी बाई आणि तिची आठवीतली लेक काढा. फोनवरचा तो साहेब तर काढाच. शेवटच्या चौकटीत 'सावध राहा' असे मात्र लिहू नका, नाहीतर ती पुन्हा आमच्या बँकेची सूचना होईल. एखाद्या खऱ्या माणसाची फजिती काढायची असेल तर आधी त्याला दाखवा, नाव-चेहरा बदला. गरिबाला हसून चित्र सोपे होते. तो सोपेपणा नको. साहेबाचे पोट मोठे काढायला हरकत नाही.

संस्थेने कागदाची दोन रिमे आणली आहेत. झेरॉक्सचा पहिल्या महिन्याचा खर्च आम्ही काही बँक कर्मचारी मिळून करणार आहोत. येत्या रविवारी दुपारी, पहिली पाळी सुटल्यानंतर, याच सभागृहात बसायचे. पट्टी, पेन्सिल आणि काळे पेन आपापले आणावे. रबर कोणी आणू नये. चहाच्या टपरीशेजारची भिंत मागून ठेवली आहे, मालकाने होकार दिला आहे. पहिले चित्र लागेल त्या संध्याकाळी दोघांनी तेथे उभे राहून लोक काय म्हणतात ते वहीत उतरवायचे आहे. त्यासाठी नावे आजच, सभा संपल्यावर द्यावीत.

जयभीम.