फौजीची पेन्शन आणि फौजीचे घर
(विहाराच्या वर्धापनदिनी एका माजी सैनिकाने केलेले भाषण)



समितीने मला फौजेवर बोलायला सांगितले. पोरांना वाटत असेल, आता लढाईची गोष्ट निघणार. पण मी पैशावर बोलणार आहे. सतरा वर्षांच्या नोकरीत सीमेवर मला साधे खरचटलेही नाही. घरी आलो आणि तीन वर्षांत बेघर झालो.

२००४ साली मी नाईक म्हणून पेन्शनीवर आलो. वय छत्तीस. ग्रॅच्युइटी, फंड आणि पेन्शन विकून आलेले पैसे, सगळे एकदम हातात आले. एवढी रक्कम आमच्या घराण्यात कोणी पाहिली नव्हती. बहिणीचे लग्न थाटात केले. स्लॅबचे घर बांधायला काढले. उरलेल्या पैशांत एक प्लॉट घेतला, त्याचे कागद खोटे निघाले. घर पुरे करायला शेकडा पाचने हातउसने घेतले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ! शेवटी घर विकूनच ते फेडावे लागले. त्यानंतर वर्षभर मी, बायको आणि दोन लेकरे याच विहाराच्या मागच्या खोलीत राहिलो. इथल्या जुन्या माणसांना ते ठाऊक आहे. त्यांनी भाडे मागितले नाही, आणि चारचौघांत कधी बोलूनही दाखवले नाही.

त्या खोलीत मी सुभेदार रामजींची गोष्ट पुन्हा वाचली. बाबासाहेबांचे वडील पेन्शनीवर आले तरी साताऱ्याला त्यांनी पुन्हा नोकरी धरली. भीमाला पुस्तक पाहिजे म्हणून ते लेकीचे दागिने गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून आणीत. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. कर्ज त्यांनीही काढले, मीही काढले. पण त्यांचे कर्ज पुस्तकासाठी होते, आणि फेडीचा दिवस आधीच ठरलेला होता. माझे तसे नव्हते.

मग मी जालन्याच्या एम.आय.डी.सी.त लोखंडाच्या कारखान्यात गेटवर वॉचमन झालो. भन्तेजींनी मला सिगालोवाद सुत्त समजावून सांगितले. कमाईचे चार वाटे करावेत. एक घरखर्चाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखावा, असे तथागतांनी गृहस्थाला सांगितले आहे. आमच्या घरी एक वही झाली. वही बायकोच्या हातात! चौथा वाटा पोस्टात जाऊ लागला. वन रँक वन पेन्शनचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ ला निघाला, तेव्हा फरकाचे पैसे चार हप्त्यांत आले. ते मुलीच्या नर्सिंगच्या फीला गेले. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होते. माझी २०१९ ला झाली. आज दोन खोल्यांचे घर आहे, आणि त्यावर कोणाचा रुपया नाही.

बंधूंनो, माझ्यासारखे आपल्या वस्तीत, भोकरदन-जाफ्राबादच्या गावांत किती तरी आहेत. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हापासून आपल्या घरोघरी फौजी आहे. पण त्याचे कागद कुठे असतात? पेटीच्या तळाशी. फौजी गेला की मग विधवा बाई दारोदार फिरते. लग्नाची पार्ट टू ऑर्डर झालेली नाही, पी.पी.ओ.त नाव एक आणि आधारवर दुसरे. पेन्शन तिच्या हक्काची, पण नावापायी अडकते.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचे हाल आणखी. जवानाची पंधरा वर्षे भरली नाहीत तर नेहमीची पेन्शन बसत नाही. अशा पासष्टीच्या पुढच्या, नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला संरक्षण मंत्र्यांच्या कल्याण निधीतून महिना चार हजार मिळत. नोव्हेंबर २०२५ पासून ते आठ हजार झाले. मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा एक हजाराची दोन हजार झाली, दोन मुलांपर्यंत. अर्जाची वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जाते. ते कार्यालय जालन्यातच आहे, पण किती जणांनी त्याची पायरी चढली?

आणि आता अग्निवीर. २०२२ पासून भरती झालेल्या पोरांतले चार वर्षांनी शंभरात जास्तीत जास्त पंचवीस कायम होतील. बाकीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन, पेन्शनीशिवाय घरी येतील. माझ्या हातात पैसा आला तेव्हा मी छत्तीसचा होतो. हे पंचविशीतले असतील. प्लॉटवाले, दुप्पटवाले त्यांच्या दारात आधी पोचतील. त्यांच्या आधी आपण पोचायला नको का?

म्हणून समितीला माझी विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वंदना झाल्यावर, विहारात एक सतरंजी टाकू. माजी सैनिकाने डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., बँक पासबुक आणि आधार घेऊन यावे, सोबत बायकोला आणावे. शिकलेल्या दोन पोरांनी नावे ताडून पाहावीत, हयातीच्या दाखल्याची तारीख सांगावी, अर्ज भरून द्यावा. पैसे गुंतवायचे असतील तर सही करण्याआधी कागद चार माणसांना दाखवावा. खर्च फक्त चहाचा आहे, तो माझ्याकडे.

मागची खोली आजही आहे. तिथे कुणा फौजीला लेकराबाळांसह पथारी टाकावी लागू नये, एवढेच मागणे मागतो आणि थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!