कुंपण आधी विहिरीला, मग बांधाला



२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. वन विभागाने त्याला सुखरूप बाहेर काढले आणि गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. हा आजोबा तेथून सुमारे १२० किलोमीटरची वाट तुडवत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. पुढे २०११ च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. २०१४ मध्ये त्याच्या प्रवासावर मराठी चित्रपटही आला. रस्ते, लोहमार्ग आणि खाडी ज्याला रोखू शकली नाही, त्याला आपल्या जिल्ह्यातील एका विहिरीने मात्र रोखले होते. आजचा विषय तारेच्या जाळीचा, म्हणजे बाजारात जिला वेल्डमेश म्हणतात तिच्या कुंपणाचा आहे. त्याचा आरंभ या विहिरीपासून करण्यास कारण आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात अलीकडे कुंपणाची मागणी वाढली आहे. डाळिंब-सीताफळाच्या बागा, शेततळी, कुक्कुटपालनाच्या शेड, शहरातील नोकरदारांनी घेतलेले भूखंड अशा सर्वच ठिकाणी जाळी दिसू लागली आहे. म्हणून आधी ही वस्तू नीट समजून घेऊ.

वेल्डमेशमध्ये उभ्या-आडव्या तारा जेथे एकमेकींना छेदतात, तो प्रत्येक सांधा विजेच्या उष्णतेने जोडलेला असतो. त्यामुळे जाळी ताठ राहते, झोल पडत नाही. एखादी तार तुटली तरी बाकीची जाळी जागच्या जागी राहते. तिरक्या विणीच्या चेनलिंक जाळीची गोष्ट वेगळी आहे. तिची एक तार कापून ओढली की वीण उसवत जाते. काटेरी तारेपेक्षाही वेल्डमेश सौम्य आहे. काटेरी तारेत अडकून जनावरांचे कातडे फाटते, पक्ष्यांचे पंख चिरतात. वेल्डमेशमध्ये तो धोका फार कमी. चौकोन लहान घेतला तर मुंगूस आणि मांजर यांनाही अटकाव होतो, म्हणून कोंबड्यांच्या शेडला ती विशेष उपयुक्त ठरते.

आता तिचे दोष पाहू. पहिला दोष गंजण्याचा. जस्त सुमारे ४१९ अंशांवर वितळते. तारेला आधी जस्ताचा लेप देऊन नंतर सांधे जोडले, तर जोडणीच्या उष्णतेने नेमका सांध्यावरचा लेप जळतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. आधी जोडून मग पूर्ण जाळी जस्ताच्या रसात बुडवलेली असेल, तर ती अधिक टिकते आणि अर्थातच महाग पडते. दोन्ही बंडले नवी असताना सारखीच चमकतात. म्हणून खरेदी करताना 'लेप आधी की जोडणी आधी' हा एक प्रश्न अवश्य विचारावा. दुसरी गोष्ट गेजची. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. १० गेजची तार साधारण सव्वातीन मिलिमीटरची, तर १४ गेजची दोन मिलिमीटरची असते. मोठा आकडा म्हणजे जाड तार, असे समजून अनेक जण फसतात.

तिसरा दोष आपल्या भूमीशी निगडित आहे. ताठपणा हा वेल्डमेशचा गुण, पण चढ-उताराच्या रानात तोच अवगुण ठरतो. चेनलिंक उतारासोबत वाकते, वेल्डमेश मात्र पायऱ्या-पायऱ्यांनी कापून बसवावी लागते. अकोले-संगमनेरच्या डोंगरउतारांवर त्यामुळे खाली फटी राहतात आणि रानडुक्कर नेमके त्या फटीतून शिरते. जाळीचा खालचा फूट-दीड फूट भाग जमिनीत गाडला नाही, तर डुकराच्या दृष्टीने ते कुंपण नसल्यासारखेच. ओढ्यावरून आडवी नेलेली जाळी तर पुरात काटक्या-पाचट अडवून स्वतःच बंधारा बनते आणि खांबांसह वाहून जाते. २०२५ च्या सप्टेंबरात शेवगाव-पाथर्डी भागातील अतिवृष्टीत ओढे-नाले पात्र सोडून वाहिले, हे आपण पाहिले आहे. पाण्याची वाट सोडूनच कुंपण घालावे लागते.

आणि बिबट्या? पाच फुटी जाळी त्याला शेतात येण्यापासून रोखत नाही. मग जाळीचा उपयोग कोणता? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील अभ्यासात आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेथे बिबट्याच्या आहारात सर्वाधिक वाटा गावातील कुत्र्यांचा, म्हणजे सुमारे ३९ टक्के आढळला. शेळ्यांचा वाटा केवळ ११ टक्क्यांच्या आसपास होता. वास्तविक त्या परिसरात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती! कुत्रे रात्रभर मोकाट हिंडते, तर शेळीची राखण होते आणि रात्री ती गोठ्यात बंद असते. बंदिस्त गोठ्याचे मोल सांगण्यास याहून बोलका आकडा नाही. जाड तारेची, सर्व बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला गोठा गरीब कुटुंबाची शेळी वाचवतो. छत उघडे ठेवले, तर मात्र तोच गोठा शिकारीचा पिंजरा होतो.

आता थोडा हिशोब मांडू. चौरस आकाराच्या एक एकर रानाचा घेर सुमारे २५४ मीटर भरतो. तेच रान २० मीटर रुंदीचे लांबट पट्टीसारखे असेल, तर घेर जवळपास ४४५ मीटर होतो. भाऊवाटणीने जमिनीच्या पट्ट्या होत गेल्या, तसा कुंपणाचा खर्च असा वाढत गेला. याउलट एक-एक एकराच्या चार चौरस शेजाऱ्यांनी मिळून एकच बाहेरचे कुंपण घातले, तर प्रत्येकाचा खर्च निम्मा होतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवणाऱ्या जिल्ह्याला हे गणित अवघड वाटू नये.

आणि विहीर? २५ फूट व्यासाच्या विहिरीभोवती हातभर जागा सोडून जाळी लावली, तर घेर जेमतेम २८ ते ३१ मीटर. म्हणजे एका एकराच्या कुंपणाचा आठवा भाग. एवढ्या जाळीने रात्री धावत येणारे जनावर वाचते, चरणारे वासरू वाचते आणि मुख्य म्हणजे खेळता खेळता तोल जाणारे मूल वाचते. २०२३ च्या मार्चमध्ये कर्जत तालुक्यात ऊसतोडीसाठी आलेल्या एका कुटुंबाचे लहान मूल उघड्या कूपनलिकेत पडून दगावले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच अशा दुर्घटना टाळण्यासाठी निर्देश दिले होते. खोदकाम सुरू असताना भोवती कुंपण घालावे आणि कूपनलिकेचे तोंड लोखंडी झाकण जोडून बंद करावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा खर्च काही हजारांतच भागतो. बागेला लाखोंची जाळी आणि विहीर मात्र उघडी, हे चित्र आपल्या विचारशक्तीला शोभणारे नाही.

कुंपणाचा एक तोटा पावतीवर लिहिलेला नसतो. ढवळपुरीसारख्या गावांतील धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात. मुक्कामाला दोरीची वाघर लावून ते मेंढ्या कोंडतात. पहाटे वाघर गुंडाळली की रान पुन्हा मोकळे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, धान्य किंवा पैसे देतो, जमिनीला लेंडीखत मिळते. पिढ्यान् पिढ्या चाललेला हा व्यवहार सलग जाळीने तुटतो. शेजाऱ्याची वाटही अशीच अडते. बांधावरून शेतात जाण्याचा हक्क जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने दिला आहे आणि अडवलेली वाट मोकळी करण्याचे अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांना आहेत. तरी दाव्यांत वर्षे जातात, सख्ख्या भावांत अबोला येतो. फाटक ठेवण्याचा खर्च या अबोल्यापेक्षा नक्कीच कमी असतो.

जाळीत वीजप्रवाह सोडणे हा तर उघड गुन्हा आहे. डुकरासाठी सोडलेला प्रवाह पहाटे पाणी धरायला निघालेल्या माणसाचा बळी घेतो. रेहेकुरीच्या आसपास वावरणारे काळवीट तर कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. उडी मारण्याऐवजी तारेखालून निसटण्याचा त्याचा स्वभाव असतो. तेव्हा पीक राखताना त्याला जाण्यायेण्याची वाट उरेल, याचाही विचार झाला पाहिजे.

शेवटी एका गावाचे स्मरण करू. हिवरे बाजारला पावसाचे मान जेमतेम ४०० मिलिमीटरचे. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली. उघडे-बोडके डोंगर पुन्हा हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. ती किमया तारेच्या बंडलाने घडवलेली नाही. सर्वांनी मिळून ठरवले आणि ठरवलेले पाळले, म्हणून ते घडले. जे एकट्याचे आहे, त्याला जाळी लागते. जे सर्वांचे आहे, त्याचे रक्षण गावाचा शब्दच करू शकतो. गावानेच शब्द मोडला, तर कुंपणच शेत खाते!

म्हणून येथून घरी गेल्यावर बांध मोजण्यापूर्वी विहिरीचा घेर मोजावा. पहिली जाळी विहिरीला, दुसरी गोठ्याला, तिसरी रोपवाटिकेला आणि त्यानंतर शेजाऱ्याशी बोलून, वाट व ओढा मोकळा ठेवून बांधाला. या क्रमाने खर्च केला, तर जाळीवरचा प्रत्येक रुपया आधी जीव राखील आणि मग पीक.