विद्येचे भांडवल आणि त्याचे व्याज
(पलसाणा येथील व्याख्यान)



विद्यापीठांच्या व्यासपीठांवरून अलीकडे ‘स्वतःच्या विकासात गुंतवणूक करा’ असा उपदेश वारंवार ऐकू येतो. गुंतवणूक हा शब्द पेढीवरचा. खानदेशातून येऊन सुरतेच्या मागांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना तो समजावून सांगावा लागत नाही. मुलाच्या फीकरिता ज्या मातेने हातातील पाटली मोडली, तिने ही गुंतवणूक केव्हाच केली आहे. विचार करावयाचा तो एवढाच, की या भांडवलाचे व्याज कोणाच्या पदरी पडावे?

याचे उत्तर याच भूमीच्या इतिहासात आहे. पलसाणा तालुका पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्या संस्थानच्या गादीवर १८७५ साली आलेले सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील. त्यांचे रीतसर शिक्षण दत्तकविधानानंतरच, वयाच्या बाराव्या वर्षी सुरू झाले. उशिरा लाभलेल्या या विद्येचे मोल त्यांनी जाणले. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सर्व संस्थानास लागू केले. १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली व ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. आज बडोद्याचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालते.

याच राजाने १९१३ साली भीमराव आंबेडकर नामक तरुणास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्याकरिता शिष्यवृत्ती दिली. ९ मे १९१६ रोजी त्या विद्यापीठाच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. राजाच्या द्रव्याला विद्वत्तेचे फळ आले. परंतु १९१७ साली तेच विद्वान संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. अखेर त्यांना नगर सोडावे लागले. एका व्यक्तीची वाढ झाली होती, भोवतालचा समाज मात्र होता तेथेच राहिला होता. मग त्या विद्येला उतरावयास जागा कोठून मिळणार?

संस्कृत पाठशाळांनी यातून आपला बोध घ्यावा. १९१५ साली बडोदे संस्थानाने पुरोहितांसाठी कायदा केला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी, विधीचा अर्थ यजमानास कळेल असा सांगावा, हा त्याचा हेतू. अर्थावाचून केलेले पाठांतर म्हणजे कुलूपबंद तिजोरी. धनी आणि भिकारी दोघेही तिच्यापुढे सारखेच रिक्तहस्त. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीत स्वाध्यायाचा हात प्रवचनाने पुनःपुन्हा धरला आहे. शिकावे आणि शिकवावे, हे एकाच व्रताचे दोन भाग होत.

वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी मठास द्रव्य अर्पण करणारे भक्त पुष्कळ आहेत. त्यांचे दान वंदनीयच होय. त्याच्या जोडीस प्रत्येकाने आठवड्याची एक सायंकाळ द्यावी. पाठशाळेच्या पंक्तीत ज्याला आजवर कोणी बोलाविले नाही, अशा एका लेकरास हाती धरून आणावे आणि आपणास येते ते त्यास शिकवावे. सर्व जातींच्या मुलांना या ओसरीवर एका सतरंजीवर बसता येते काय, यावरूनच मठाच्या वर्षांचा हिशेब मांडला जाईल. श्रीगुरुचरणी एवढीच प्रार्थना, की तो हिशेब जमेचा निघो.